नऊ नंबरचा डबा

भदाणे सरांबरोबर टेबल हलवायची वेळ ज्याच्यावर आली नाही, त्याने स्वतःला नशीबवान समजावं. माझ्यावर ती नोकरीच्या पहिल्याच दिवशी आली.

जळगावहून धुळ्याकडे निघालं की गाव संपता संपता एक बंद पडलेली जिनिंग लागायची. तिच्या शेडमध्ये आमचं नवंकोरं इंजिनिअरिंग कॉलेज भरत असे. नवीकोरी फक्त पाटी. पत्रे, उंदीर आणि छताच्या कैच्यांना लोंबणारा कापूस जुनाच होता. वारा सुटला की तो कापूस वर्गात उतरायचा आणि पहिल्या बाकावरची मुलं डोळ्यांदेखत म्हातारी व्हायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी भुसावळहून एसटीत उभ्याने आलो होतो, जागा असूनही. पँटची इस्त्री मोडू नये म्हणून.

स्टाफरूममध्ये भिंतीलगत अकरा टेबलं एका ओळीत होती. प्राचार्यांना ती घोड्याच्या नालेसारखी हवी होती. चार माणसं, दहा मिनिटं. मी बाह्या सरसावल्या, दाराजवळ पडत होतं म्हणून मधलं टेबल धरलं आणि ओढलं. तेवढ्यात एका खुर्चीवर उभे असलेले, कानावर पेन्सिल खोचलेले, पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ ओरडले, "मधला कसाले काढस रे?"

मला वाटलं, टेबलाखाली काही मोडलंय. मी वाकून बघितलं.

"खाली काय बघतोस? मधलंच कशाला काढतोस? बाजूला बघ. हे काढलंस तर इकडची पाच आणि तिकडची पाच यांचा एकमेकांशी संबंध उरला का?"

"टेबलांचा?" मी विचारलं.

त्या एका प्रश्नाने माझी अख्खी दुपार खाल्ली. नियम असा होता: एका वेळी एकच टेबल हलेल. हललेलं टेबल दुसऱ्या कुठल्या तरी टेबलाला जाऊन चिकटेल. आणि कुठलंही टेबल उचललं तरी उरलेली सगळी एकमेकांना धरून राहिली पाहिजेत. दहा मिनिटांच्या कामाला साडेतीन तास लागले. शेवटी नाल झाली, तेव्हा सर खुर्चीवरून उतरले, माझ्या धुळीने माखलेल्या पँटकडे बघून म्हणाले, "नवीन दिसतोस. कुठला?"

"भुसावळ."

"वडील?"

"रेल्वेत. शंटिंगला."

सरांचा चेहरा उजळला. "मग तुला हे रक्तातच असणार!" माझ्या रक्तात शंटिंगचं काहीही नव्हतं. वडिलांच्या नोकरीशी माझा संबंध त्यांचा जेवणाचा डबा पोचवण्यापुरता होता, आणि तोही मी दोनदा चुकीच्या गेटवर नेला होता. पण हे सांगायचं राहून गेलं, आणि पुढची काही वर्षं मी ते भोगलं.

हिलाल दगा भदाणे, मूळ गाव पारोळ्याजवळचं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. "नाव काय कामाचं? शेजारी कोण ते सांग," असं म्हणत. मी त्यांच्यासाठी कायमचा 'भुसावळ' झालो. हजेरीही ते तशीच घेत. नंबर पुकारणं नाही. प्रत्येक मुलाने उठून फक्त आपल्या उजव्या हाताचा मुलगा आला आहे की नाही एवढंच सांगायचं. "एकाला सगळं माहीत असण्याची गरज नसते," सर म्हणत, "प्रत्येकाला शेजारी माहीत असला की पुरे." पोरं हुशार. त्यांनी पंधरा दिवसांत शोध लावला की एकट्याने दांडी मारली तर डावीकडचा चुगली करतो, पण बाकच्या बाक गेला तर चुगली करायला कोणी उरतच नाही. एका शनिवारी अख्खी उजवी रांग मॅटिनीला गेली. प्राचार्य संतापले. सरही संतापले, पण मुलांवर नाही. "पद्धतीत भोक राहिलं," असं म्हणत ते दोन दिवस जेवले नाहीत, आणि भोक कसं बुजवायचं हे माझ्याकडून ऐकायची त्यांची अपेक्षा होती. मी सुचवलं, "सर, नंबर पुकारू या ना." त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो आठवडा बरा गेला.

या सगळ्याच्या मुळाशी डबे होते.

सरांच्या डोक्यात एक यंत्र होतं, ज्याला स्वतःचा असा आकारच नव्हता. सारखे दिसणारे, सारखे असणारे छोटे छोटे डबे. प्रत्येक डबा शेजारच्याला धरू शकेल, सोडू शकेल आणि त्याच्या अंगावरून सरकत पुढे जाऊ शकेल. ओळीत लागले की साप; नळीत शिरायला. बाहेर आले की चौरंग. नाला आडवा आला की पूल, विहिरीत उतरायचं तर शिडी. एखादा बिघडला तर त्याला टाकायचं, त्याच्या जागी दुसरा. "माणूस यंत्र बदलतो," सर म्हणत, "यंत्राने स्वतःला बदललं तर?" त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मुंबईहून कुठल्याशा परदेशी लेखाची झेरॉक्स पाठवली होती. तिकडेही लोक असंच काही करत होते म्हणे. झेरॉक्स इतकी फिकट होती की एक ओळ सोडून एक वाचता यायची. सर खूश. "बरं झालं. नक्कल केली असं कोणी म्हणणार नाही."

डबे सलीमभाईंनी केले. सलीमभाई पत्र्याचं काम करायचे. कोठ्या, पेट्या, तेलाची नरसाळी. त्यांच्या दुकानात सर पहिल्यांदा गेले आणि मुठीएवढे चौकोनी नऊ डबे मागितले, तेव्हा मी बरोबर होतो.

"झाकण कुठे पाहिजे सर?"

"झाकण नको."

"मग भरणार कुठून? और भरनेका क्या है?"

"अक्कल," सर म्हणाले.

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. "फिर तो एक इनके वास्ते भी बनाता."

प्रत्येक डब्याच्या चारी बाजूंना तांब्याच्या तारेची एकेक गुंडाळी आणि पितळेच्या दोन पट्ट्या. वीज फक्त एक नंबरच्या डब्याला तारेने मिळायची. त्याच्याकडून दोनला, दोनकडून तीनला, अशी अंगाला अंग लागूनच ती पुढे जायची. म्हणजे घोळक्यातून जो सुटला तो तिथेच मेला. टेबलांचा तो छळ कशासाठी होता ते मला इथे कळलं, आणि कळूनही राग कमी झाला नाही. डबे कॅरम बोर्डवर चालायचे. घर्षण कमी व्हावं म्हणून सर बोर्डवर इतकी पावडर टाकायचे की प्रयोगशाळेतून बाहेर येणारा माणूस लग्नात मांडे भाजणारीसारखा दिसायचा.

"डबा कोणीही करेल," सर सांगत. सलीमभाई समोर असले तर हे वाक्य ते हळू आवाजात म्हणत. "खरा प्रश्न क्रमाचा आहे. नऊ डबे ओळीत आहेत. त्यांचा तीन बाय तीनचा चौकोन करायचा. आधी कोण उठणार? कोणाच्या अंगावरून जाणार? कुठे बसणार? आणि तो उठल्यावर बाकीचे एकमेकांना धरून आहेत का? आधी हे बघ, मग उठव."

ही ओळ मी इतक्या वेळा ऐकली की ती कानातून आत जायची बंद झाली. त्याचा पुरावा सरांच्या पुतणीच्या लग्नात मिळाला.

लग्न त्यांच्या गावी. वरण-बट्टीची पंगत. जमिनीवर एकच लांब ओळ, चाळीसेक माणसं, सगळी मुलाकडची, पत्रावळी मांडलेल्या, वाढायला सुरुवात व्हायची होती. मांडव कापडी. दुपार कलली आणि पश्चिमेच्या टोकाकडून ऊन मांडवाखाली शिरायला लागलं. त्या टोकाची दहा माणसं डोक्यावर उपरणी घेऊन बसली. दुसऱ्या कोणी वर एखादं पातळ बांधलं असतं. सरांनी कानावरची पेन्सिल काढली.

त्यांचे थोरले भाऊ, नाना, हे ओळखून होते. ते लांबूनच हात जोडून म्हणाले, "हिलाल, आज तरी गप ऱ्हाय ना भो."

"नाना, पाच मिनिटांचं काम शे." सर माझ्याकडे वळले. "ए भुसावळ, सोपं आहे. उन्हाच्या टोकाचा एक माणूस पत्रावळीसकट उठव, सावलीच्या टोकाला नेऊन बसव. मग त्याच्या शेजारचा. पंगत जागच्या जागी सावलीत सरकेल. एकेक. टोकाचाच. समजलं?"

समजलं होतं. पण उन्हाच्या टोकाकडे जाताना मला ओळीच्या मधोमध नवऱ्या मुलाचे आजोबा दिसले. ऐंशीच्या घरातला माणूस, पांढरं शुभ्र पागोटं, घामाने डबडबलेला. एवढा मान्यवर माणूस घामात आणि आपण टोकाच्या पोराटोरांना आधी उठवायचं? माझ्यावर चांगले संस्कार आहेत. मी वाकून म्हणालो, "आबा, तुम्ही आधी या." आबा उठले. मी स्वतः त्यांची पत्रावळ धरून त्यांना सावलीत नेऊन बसवलं आणि आशीर्वाद घेतला.

तिकडे वाढपी निघाले. सावलीच्या टोकाकडून बट्टी कुस्करत, वर वरण, वर तूप. आबांची जागा रिकामी होती तिथे येऊन ते थांबले. पंगतीत जागा सुटली म्हणजे पंगत संपली, हे त्या गावातल्या वाढप्याला जन्मापासून माहीत. पलीकडे बसलेली वीस माणसं म्हणजे त्याच्या दृष्टीने दुसरी पंगत; पहिली उठल्याशिवाय दुसऱ्या पंगतीला वाढत नाहीत. त्याने मोठ्याने "घ्या मंडळी!" केलं आणि अर्धी ओळ जेवायला लागली. उरलेली अर्धी, तीही वरपक्षाची, त्यात नवऱ्याचे दोन मामा, उन्हाच्या बाजूला, रिकाम्या पत्रावळीसमोर.

पुढे जे झालं ते मी पाण्याच्या टाकीमागून ऐकलं, अधूनमधून डोकावून पाहिलं. मामा उठले होते. नाना त्यांच्या पाया पडत होते. "आम्हाले दुसरी पंगत समजतस का?" हे वाक्य चार वेगवेगळ्या आवाजांत आलं. आणि या सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज, जो मामांना नव्हता, नानांना नव्हता, फक्त मला होता: "मधला कसाले काढस रे? तुले कितलं सांगू?"

परत येताना बसमध्ये सरांनी तिकिटाच्या मागे पंगतीची ओळ काढली. मग म्हणाले, "एक फायदा झाला. लोकांना उदाहरण सांगायला बरं पडेल." त्यानंतर कॉलेजात होते तोवर ते हे उदाहरण प्रत्येक बॅचला सांगत, आणि 'एक मूर्ख' या ठिकाणी माझ्याकडे बोट दाखवत.

तरीही डब्यांना हुकूम देणारा प्रोग्रॅम लिहायचं काम त्यांनी मलाच दिलं. दुसरं कोणी तयार नव्हतं.

कॉलेजात तेव्हा एकच संगणक होता. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, आणि त्याला शिवाई देवीसारखं कापड पांघरलेलं असे. मी प्रोग्रॅम लिहिला. सांगायला हरकत नाही, बरा लिहिला. प्रत्येक हालचालीआधी तो सरांच्या पद्धतीने तपासायचा: हा डबा उठवला तर बाकीचे जोडलेले राहतात का? नसतील राहत तर तो सोडून दुसरा. या तपासणीला संगणक दर वेळी दहा-बारा सेकंद घ्यायचा. माझ्या हिशोबाने सत्तेचाळीस हालचालींत चौकोन होणार होता.

त्याच सुमाराला मान्यतेसाठी तपासणी कमिटी येणार असं कळलं. प्राचार्यांना संगणकांची मोठी खोली दाखवायची होती, आणि मोठी खोली एकच होती: भदाणे सरांची. प्राचार्य तसे सज्जन. त्यांनी सरांना बोलावून सरळ सांगितलं, "भदाणे, तीन वर्षं झाली. त्या डब्यांनी कमिटीसमोर एकदा, फक्त एकदा, ओळीचा चौकोन करून दाखवला, तर खोली तुमची. नाही तर दुसऱ्या दिवशी रिकामी करा."

सर खोलीत आले, कॅरम बोर्डसमोर बसले आणि पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"होईल ना रे?"

"होईल सर," मी म्हणालो.

आणि खरंच झालं असतं. पण मी विचार केला. सत्तेचाळीस हालचाली, दर हालचालीला बारा सेकंदांचा विचार. म्हणजे नऊ-दहा मिनिटं मोठी माणसं पत्र्याच्या डब्यांकडे बघत बसणार. कंटाळतील. आदल्या दुपारी मी सहा वेळा तालीम घेतली. दर वेळी टोकाचा नऊ नंबर आधी उठत होता, मग आठ, मग सात, सगळं बिनचूक. मग तपासणीची गरजच काय? मी ती ओळ काढून टाकली. चौकोन दीड मिनिटात झाला. मी स्वतःवर इतका खूश झालो की आणखी चार वेळा करून बघितलं. दर वेळी सगळ्यात आधी उठणारा आणि सगळ्यात लांब चालणारा नऊ नंबरच होता. त्याची गुंडाळी तापली होती. हाताला लागलं तेव्हा मी बोट तोंडात घातलं, एवढंच.

कमिटी आली. तिघे जण, अध्यक्ष जाडजूड, सफारीतले. संगणक चौघांनी पालखीसारखा उचलून सरांच्या खोलीत आणला. सलीमभाई नवा सदरा घालून आले होते, डब्यांचे बाप म्हणून. सरांनी दोन वाक्यांत प्रयोग सांगितला. दोन वाक्यांत! त्यांनी ती पाठ केली असणार. मग मला खूण केली. मी बटण दाबलं.

नऊ नंबर उठला नाही. जळला होता.

तपासणीची ओळ असती तर प्रोग्रॅमने बाकीच्यांचा विचार करून काहीतरी शहाणपणाचं केलं असतं, निदान थांबला असता. ती नव्हती. टोकाचा उठत नाही म्हटल्यावर त्याने, मीच शिकवल्याप्रमाणे, ज्याला सगळ्यात कमी चालावं लागेल असा डबा शोधला. तो पाच नंबर होता. मधला.

पाच नंबर ऐटीत ओळीबाहेर सरकला, चारच्या कडेला जाऊन चिकटला. नऊ आधीच गेला होता; सहा, सात, आठ, हे तिघेही जागच्या जागी मेले.

अध्यक्ष म्हणाले, "वा. हे निम्मे झोपले का?"

"भदाणे, चूक कुठे झाली?" प्राचार्यांनी विचारलं.

मला वाटलं, सर सांभाळून घेतील. गोष्टींतले गुरुजी घेतात. सरांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चूक याची. यानेच केलं. तपासणी काढली ना रे? काढली ना? मधला कसाले काढस? बठ्ठा मरी ग्यात ना! सगळे मेले!"

आणि मग ते वळले. "साहेब, तुम्हाला दाखवतो. उठा." अध्यक्ष का उठले हे त्यांनाही कळलं नसावं; सरांच्या आवाजात तेव्हा काहीतरी होतं. कमिटीचे तिघे, प्राचार्य, उपप्राचार्य, कारकून, शिपाई, सलीमभाई आणि मी. मोजून नऊ. सरांनी आम्हाला एका ओळीत हात धरून उभं केलं. मी एक नंबर, भिंतीला टेकून. "तू हलूच नको," असं सांगण्यात आलं. प्राचार्य पाच नंबरला. अध्यक्ष टोकाला, नऊ नंबर.

"साहेब, शेवटचे तुम्ही, म्हणून आधी तुम्ही. शेजाऱ्याचा खांदा धरून सरकायचं. पुढच्याचा खांदा हातात आल्याशिवाय मागचा सोडायचा नाही."

अध्यक्ष सरकू लागले. एकेक खांदा पकडत, धापा टाकत, आठ, सात, सहा. प्राचार्यांना जेवणाची काळजी. भरीत, कळण्याच्या भाकरी, सगळं मांडून तयार होतं. ते हात सोडवून दाराकडे निघाले.

"पाच नंबर!" सर गरजले. "हलू नका! तुम्ही सुटलात तर पलीकडचे मेले!"

प्राचार्य परत येऊन उभे राहिले.

अर्धा तास लागला. आमचा तीन बाय तीनचा चौकोन झाला. अध्यक्ष मधोमध, चारी बाजूंनी माणसांनी घेरलेले, सफारी पाठीवर ओली. त्यांच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगतो, लहान मुलाचा आनंद होता. सलीमभाई टाळ्या वाजवणार होते, पण हात अडकले होते. सरांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "कोणी सुटलं का? एकदा तरी?" कोणी सुटलं नव्हतं.

मला वाटलं, खोली वाचली.

अहवाल महिन्याने आला. त्यात शेवटच्या पानावर, क्रीडा आणि स्नेहसंमेलन यांच्यामध्ये, एक ओळ होती: 'यंत्र विभागाचा मनोरंजक उपक्रम स्तुत्य आहे.' सर ती ओळ घेऊन स्टाफरूममध्ये फिरले. "मनोरंजक. मनोरंजक?" प्रत्येक टेबलाशी थांबून ते एवढंच विचारत. डब्यांनी चौकोन केला नव्हता, हे खरंच होतं. प्राचार्यांनी शब्द पाळला. खोली गेली. तिथे संगणक आले आणि त्या खोलीचा इनचार्ज म्हणून, तपासणीची ओळ काढणाऱ्या माणसाची, माझी नेमणूक झाली.

सर त्या वर्षअखेर धुळ्याला एका तंत्रनिकेतनात गेले. जायच्या दिवशी आठ डबे त्यांनी कापडी पिशवीत भरले. नववा माझ्या हातात ठेवला. "तू जाळलास, तू गुंडाळ. मग पाठव. आठांचा चौकोन होत नाही."

"आठवड्यात पाठवतो सर."

पाच वर्षं गेली. मला इथे कारणं द्यायची नाहीत. ती मी तेव्हा सगळी वापरून संपवली. नऊ नंबरचा डबा संगणकाच्या खोलीत खिडकीच्या फटीत होता. वाऱ्याने खिडकी आपटायची, तिथे तो अगदी बेतलेला बसला होता. दर दोन-तीन महिन्यांनी पोस्टकार्ड यायचं. सुरुवातीला मजकूर असे: संगणक नकोच, दाराच्या घंटीची बटणं लावून फळी केली आहे, क्रम वहीत लिहून हाताने दाबतो, आठ डबे ठणठणीत आहेत, नऊ नंबर पाठव. मग नुसतं 'नऊ नंबर?' मग पत्ता आणि कोऱ्या बाजूवर मोठा ९. पोस्टमन मला विचारायचा, "साहेब, हे काय, आकडा लावता का?"

शेवटी मला परीक्षक म्हणून धुळ्याला जावं लागलं आणि पळवाटच उरली नाही. मी एका रविवारी बसून नऊ नंबरच्या चारही गुंडाळ्या नव्याने गुंडाळल्या. सरांना कळवलं की परतीच्या बसआधी धुळ्याच्या स्टँडवर भेटतो.

सर माझ्या आधी येऊन बाकावर बसले होते. निवृत्त झाले होते. केस गेले होते, कानावर पेन्सिल होती. "आलास का भुसावळ," एवढंच म्हणाले. पिशवीतून आठ नंबरचा डबा काढला, खिशातून बॅटरीचे सेल काढले. माझा डबा घेतला, पुसला, आठच्या शेजारी ठेवला आणि तार टेकवली.

नऊ नंबर टुणकन लांब पळाला.

सरांनी तो फिरवून दुसऱ्या बाजूने लावला. पुन्हा पळाला. तिसरी बाजू. चौथी.

"हाई काय शे?" सर हळू म्हणाले. "उलटी गुंडाळलीस. चारही बाजूंनी उलटी." एक जरी बाजू सुलट असती तर चुकून झालं असं म्हणता आलं असतं.

"सर, टोकांची अदलाबदल केली की झालं. बाहेरून काही फरक दिसणार नाही."

सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी मांडवात टाकीमागून आणि कमिटीसमोर अशी दोनदा पाहिली होती. "आणि आतून? सगळे डबे सारखे. आत वेगळा असलेला डबा मला नको. धर हे टोक."

आणि ते तिथेच, धुळ्याच्या स्टँडवर, गुंडाळी उलगडायला बसले. तार लांबच लांब निघत होती. पीळ पडू नये म्हणून ती ताणून धरायला हवी होती. एक टोक माझ्या हातात. तिथून ती शेजारी केळी विकणाऱ्या अक्कांच्या पाटीला वळसा घालून गेली, सरांनी त्यांना सांगितलं, "अक्का, एवढं धरा." मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले एक म्हातारेबाबा, त्यांच्याही हातात दिली. त्यांनी कशाला म्हणून विचारलंही नाही, घट्ट धरली.

"सुटू देऊ नका हं," सर तिघांनाही दर अर्ध्या मिनिटाला बजावत होते.

जळगाव गाडी लागली. मी टोक हातात धरूनच चढलो, खिडकीतून हात बाहेर काढून बसलो. घंटी वाजली. गाडी सुरू झाली. तार ताणली गेली. म्हातारेबाबा तारेसकट बाकावर पुढे सरकले.

"सोड!" सर ओरडले.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता.

"अरे सोड ना आते!"

मी सोडली. अर्थातच चुकीच्या क्षणी. तार सपकन मागे गेली आणि सरांच्या टकलावर, चष्म्यावर, कानावरच्या पेन्सिलीवर गुंतवळ होऊन बसली. "मी धरेल शे गुरुजी, तुम्ही गुंडाळा," असं अक्का म्हणताना मला ऐकू आलं. गाडी फाटकाशी वळली तेव्हा सर एक टोक दातांत धरून गुंता सोडवत होते. तोंडात तार असूनही त्यांचे ओठ हलत होते. काय बोलत होते ते ऐकू यायची मला गरज नव्हती.

पुढच्या महिन्यात पोस्टकार्ड आलं. पेन्सिलीने काढलेला तीन बाय तीनचा चौकोन, प्रत्येक घरात आकडा. खाली लिहिलं होतं:

'झाला. हालचाली एकसष्ट. तू सत्तेचाळीस सांगितल्या होत्यास. नऊ नंबर मधोमध बसला आहे. आता त्याला कोणी उठवायचं नाही. तू तर मुळीच नाही.'